आखडलेलं बोट सरळ करताना: प्लास्टर, थर्मोप्लास्टिक आणि आठवड्यांचा हिशेब

विळीवर कापलेलं बोट, दुचाकी घसरून मुरगळलेलं बोट, फुटबॉल अडवताना मागे वळलेलं बोट. जखम भरते, टाके निघतात, सूजही बरीच उतरते. मग दीड-दोन महिन्यांनी लक्षात येतं की बोटाचा मधला सांधा वाकूनच राहिलाय. तोंड धुताना ते बोट डोळ्यात जातं, खिशात हात घालताना अडकतं, भाताचा घास नीट घेता येत नाही. अशा बोटाला सरळ करायचे बहुतेक प्रयत्न एकाच कारणाने फसतात. बोटाला लोखंडी सळी समजून कोणीतरी ते जोरात ओढतं. घरचे तेल लावून रगडतात, कधी नवशिका थेरपिस्टही दात-ओठ खाऊन ताणतो, आणि दुसऱ्या दिवशी बोट सुजून आणखी वाकतं.

इथे मधल्या सांध्याच्या आखडण्यावर क्रमाक्रमाने प्लास्टर कसं घालायचं आणि रात्रीची थर्मोप्लास्टिकची (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकची) स्प्लिंट, म्हणजे बोटाला सरळ धरणारा आधार, कशी घडवायची, ते दिलं आहे. हाताच्या कामात नव्याने आलेल्या फिजिओथेरपिस्ट आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टसाठी हे मुख्यतः आहे. घरच्यांनी स्वतः प्लास्टर घालू नये. पण काय चाललंय आणि कशावर लक्ष ठेवायचं हे त्यांना कळलं, तर अर्धी लढाई सोपी होते.

दोन पदार्थ, दोन घड्याळं

स्प्लिंटचं प्लास्टिक आणि सांध्याभोवतीची ऊतकं, दोन्हींना आकार देता येतो. मात्र आकार बदलण्याची रीत अगदी वेगळी आहे.

हलक्या तापमानावर मऊ होणाऱ्या बहुतेक थर्मोप्लास्टिक शीट पॉलिकॅप्रोलॅक्टोनच्या असतात. त्यातले बारीक स्फटिक साधारण ६० अंश सेल्सिअसला वितळतात, साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात आणि शीट पिठाच्या पोळीसारखी लवचीक होते. थंड झाली की स्फटिक पुन्हा जमतात आणि दिलेला आकार कायम होतो. सगळं काम दोन-चार मिनिटांत संपतं.

सांध्याच्या पिशवीत, लिगामेंटमध्ये (हाडाला हाड जोडणाऱ्या पट्ट्यांत) आणि व्रणात कोलॅजनचे, म्हणजे चिवट प्रथिनाचे, तंतू असतात. हलक्या ताणाखाली आधी त्यांच्या लाटा सरळ होतात. साधारण २ टक्के लांबीपर्यंत हे सहज होतं. ४ टक्क्यांच्या पुढे तंतू सूक्ष्म पातळीवर तुटू लागतात, आणि ८-१० टक्क्यांच्या आसपास ऊतक फाटतं. म्हणजे एका बैठकीत ताणून मिळण्यासारखं फार थोडं असतं. त्यातलंही बरंचसं परत जातं, जसं न मुरलेल्या कणकेची पोळी लाटली की ती पोळपाटावरच आक्रसते. टिकणारा बदल घडवतात त्या ऊतकातल्या पेशी. हलका ताण तासन्‌तास, दिवसेंदिवस राहिला, की फायब्रोब्लास्ट पेशी जुने तंतू काढून नवे, लांब तंतू विणतात. ऊतक खरं तर ताणलं जात नाही, ते वाढतं.

हाच विचार डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून कुष्ठरोग्यांच्या हातांवर काम करताना वापरला आणि पुढे जगभर शिकवला. बोटाला साधी पीओपीची (प्लास्टर ऑफ पॅरिसची) नळी, दर काही दिवसांनी बदललेली. महागडं यंत्र नाही, स्प्रिंग नाही. कमी खर्चात इतकं खात्रीचं काम करणारी दुसरी पद्धत क्वचितच असेल.

ऊतक किती सावकाश वाढतं याचा अंदाज हाडावरूनही येतो. इलिझारोव्ह पद्धतीने हाड लांब करताना दिवसाला एकूण १ मिलिमीटर, तोही पाव-पाव मिलिमीटरच्या चार टप्प्यांत वाढवतात. घाई केली तर हाड बनतच नाही.

आधी नेमकं काय अडलंय ते शोधा

प्लास्टर भिजवायच्या आधी वीस मिनिटं तपासणीला द्या. गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) बोटाच्या पाठीवर ठेवून मधल्या सांध्याचं माप घ्या. एकदा रुग्ण स्वतः सरळ करतो तेव्हाचं, एकदा तुम्ही हलकेच सरळ करता तेव्हाचं. दोन्ही मापं तारखेसह लिहून ठेवा.

तुम्ही सरळ केलं की पूर्ण होतं, पण रुग्णाला स्वतः जमत नाही, असं असेल तर सांधा आखडलेला नाही. बोटाच्या पाठीवरचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) तुटला किंवा ढिला झाला असण्याची शक्यता आहे. त्याचा उपचार वेगळा, तिथे हे प्लास्टर नाही.

मग मनगट आणि बोटाच्या मुळाचा सांधा वाकवून पुन्हा मोजा. मनगट वाकवल्यावर मधला सांधा जास्त सरळ होत असेल, तर अडकलेला आहे तो तळहाताच्या बाजूचा टेंडन किंवा स्नायू, आणि त्यासाठी कोपराखालपर्यंतची लांब स्प्लिंट लागते. मनगट कसंही ठेवलं तरी मधल्या सांध्याचं माप तेच येत असेल, तर सांध्याची पिशवी आणि तळहाताकडचं जाड लिगामेंट आखडलंय. पुढचं सगळं या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

शेवटी सांधा किती ऐकतो ते पाहा. हात १५-२० मिनिटं कोमट ठेवून सांधा हलका मोकळा करा, मग बोट शेवटच्या टोकाला १० मिनिटं धरून पुन्हा मोजा. २० अंशांची सुधारणा दिसली तर व्यायामावरच भागेल. १५ अंशांच्या आसपास असेल तर रात्रीची साधी स्प्लिंट, १० च्या आसपास असेल तर सतत ओढणारी स्प्रिंग किंवा रबराची स्प्लिंट. ५ अंश किंवा त्याहून कमी हलला तर टप्प्याटप्प्याने पुढे नेणारी पद्धत, म्हणजेच प्लास्टरसारखं काही. याला लोखंडी नियम मानू नका, पण सुरुवात कुठून करायची ते यावरून पटकन ठरतं.

खालील परिस्थितीत प्लास्टर घालायचं नाही. जखम उघडी आहे किंवा पू आहे. टेंडन शिवून पुरेसे आठवडे झालेले नाहीत. हाड जुळलेलं नाही. संधिवाताने सांधा लाल आणि गरम आहे. एक्स-रेमध्ये सांध्याचे पृष्ठभागच बिघडलेले दिसतात. तळहातात गाठी आणि बोटाकडे जाणारी दोरीसारखी पट्टी हाताला लागत असेल, तर तो ड्युप्युट्रेन आजार असू शकतो. तो ताण देऊन सुटत नाही, सर्जनकडे पाठवा. मधुमेहाने किंवा कुष्ठरोगाने बोटाची संवेदना गेलेली असेल तर पद्धत तीच चालते, पण पहिलं प्लास्टर २४ तासांत उघडून कातडी पाहायची, कारण त्या माणसाला दुखणं कळणार नाही. टेंडन शिवलेल्या रुग्णाबाबत शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या, मग ते गोमेकॉतले (गोवा मेडिकल कॉलेजातले) असोत की खासगी इस्पितळातले.

जोर किती, वेळ किती

केनेथ फ्लॉवर्स आणि पॉल लास्टेयो यांनी १९९४ साली २० आखडलेल्या मधल्या सांध्यांवर हे मोजलं. तेच प्लास्टर ३ दिवस ठेवलं तेव्हा सरासरी ३ अंश मिळाले, ६ दिवस ठेवलं तेव्हा ५.३ अंश. वेळ दुप्पट, फायदाही जवळपास दुप्पट. दिवसातून तीनदा अर्धा तास ताणलं तर ९० मिनिटं होतात. रात्रीची स्प्लिंट आठ तास देते, ६ दिवसांचं प्लास्टर १४४ तास. रुग्णाला हे आकडे सांगा. प्लास्टर का काढू नये ते त्याला आपोआप पटतं.

जोराचं गणितही करून पाहा. २०० ग्रॅमची ओढ १ सेंटिमीटर रुंद पट्टीतून बोटावर २ सेंटिमीटर रुंदीत पडली, तर दर चौरस सेंटिमीटरला १०० ग्रॅम, म्हणजे सुमारे ७४ मिलिमीटर पाऱ्याचा दाब होतो. कातडीतल्या बारीक रक्तवाहिन्यांतला दाब ३० मिलिमीटरच्या आसपास असतो. म्हणजे त्या पट्टीखालचं रक्त थांबलं. तीच ओढ अडीच सेंटिमीटर रुंद पट्टीवर दिली की दाब सुमारे ३० वर येतो. रबराची स्प्लिंट असेल तर बोटामागे १०० ते ३०० ग्रॅमच्या वर जाऊ नका आणि ओढ हाडाशी काटकोनात ठेवा. ४५ अंशांत ओढली तर २०० पैकी जेमतेम १४० ग्रॅम सरळ करण्याच्या कामी येतात, उरलेला जोर सांध्यावर दाबतो किंवा पट्टी घसरवतो. प्लास्टरची नळी सगळ्या बोटाला सारखी टेकते, म्हणून दाब पसरतो. तिच्या यशाचं अर्ध कारण हेच आहे.

प्लास्टरची नळी: सामान आणि कृती

१० सेंटिमीटर रुंदीचं पीओपी बँडेज, चांगली कात्री, व्हॅसलीन, पातळ कापूस, साधं पाणी आणि थर्मामीटर. बँडेजच्या २.५ सेंटिमीटर रुंद आणि २० ते २५ सेंटिमीटर लांब पट्ट्या कापा. एका बोटाला दोन पुरतात, तिसरी हाताशी ठेवा. पट्ट्या कोरड्या असतानाच कापायच्या.

पाणी २५ ते ३० अंशांचं असावं. गोव्यात एप्रिल-मेमध्ये गच्चीवरच्या टाकीचं दुपारचं पाणी नळातून चटका लागेल असं येतं. त्यात प्लास्टर भिजवलं तर ते हातात येईपर्यंत घट्ट होतं आणि वर तापतंही, कारण पीओपी जमताना स्वतःची उष्णता सोडतं. किनाऱ्याजवळच्या विहिरीचं मचूळ पाणीही टाळा, मिठाने प्लास्टर लवकर जमतं. एकाच वाडग्यातल्या गढूळ पाण्यात दुसऱ्या रुग्णाच्या पट्ट्या भिजवायच्या नाहीत. आधीच्या प्लास्टरचे जमलेले कण नव्याला घाई करतात.

पहिल्यांदा हात १० ते १५ मिनिटं ३८ ते ४० अंशांच्या पाण्यात किंवा ओल्या शेकात ठेवा. मग सांध्याला लांबीच्या दिशेने हलकी ओढ देत मागे-पुढे सरकवा. बोट कोरडं करा, व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. मधल्या सांध्याच्या पाठीवरच्या हाडाच्या उंचवट्यावर नखाएवढा पातळ कापूस ठेवा. त्याहून जास्त गादी भरायची नाही, गादी दबली की नळी ढिली होते आणि बोट आत फिरतं.

पट्टी पाण्यात टाका, बुडबुडे थांबले की काढा, दोन बोटांत हलकेच निथळू द्या. बोटाच्या मुळाकडून सुरू करून टोकाकडे फिरवत जा, प्रत्येक वेढा मागच्या निम्म्यावर बसवा. पट्टी ओढायची नाही, नुसती ठेवत जायची. ओढलेली पट्टी सुकताना दोरीसारखी आवळते. मुळाकडे नळी बेचक्यात रुतता कामा नये, म्हणून कडा किंचित बाहेर वळवा. टोकाचा सांधा मोकळा असेल तर त्याच्या घडीपाशी थांबा. तोही ताठर असेल तर नळी पुढे न्या, पण नख आणि बोटाचं टोक दिसत राहिलं पाहिजे. एकूण तीन-चार थर पुरेत. त्याहून जाड नळी फक्त वजन आणि उष्णता वाढवते.

आता मुख्य भाग. प्लास्टर ओलं असतानाच बोटाचं टोक हलकेच लांबीच्या दिशेने ओढा, आणि ओढ कायम ठेवून सरळ करा, जिथपर्यंत ते तक्रार न करता येतं तिथपर्यंत. एका हाताच्या अंगठ्याचा मांसल भाग सांध्याच्या मागे मुळाकडच्या पेरावर, दुसऱ्या हाताचा तळवा पुढच्या पेराखाली. बोटांच्या टोकांनी दाबलंत तर ओल्या प्लास्टरमध्ये खळगे पडतात, आणि प्रत्येक खळगा पुढचे पाच दिवस कातडी दाबत राहतो. चित्रशाळेत चिकणमातीच्या मूर्तीवर काम करणारे कारागीर तळव्याने आणि अंगठ्याच्या बाजूने दाबतात, तोच हात इथे हवा.

तीन ते पाच मिनिटं हलू नका. याच वेळात मोह होतो, अजून दोन अंश सरळ करूया. करू नका. जमू लागलेलं प्लास्टर मध्येच हललं तर आतून तडकतं आणि कोपऱ्याला सुरकुती पडते. ती सुरकुती म्हणजे उद्याचा घट्टा.

प्लास्टर हाताला कडक लागलं तरी रुग्णाला अर्धा तास बसवून ठेवा. नख दाबून सोडा, दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झालं पाहिजे. टोक निळसर, पांढरं, बधिर किंवा ठणकतंय, यातलं एकही असेल तर लगेच काढा. हलका ताण जाणवणं ठीक. रात्री झोप येऊ न देणारं दुखणं ठीक नाही. घरच्यांना सांगा, अशा वेळी कोणाची वाट पाहायची नाही, बोट कोमट पाण्यात पंधरा मिनिटं बुडवून प्लास्टर उलगडून टाकायचं. पीओपीचा हा एक मोठा गुण आहे, फायबरग्लास असं घरी निघत नाही.

पहिलं प्लास्टर २४ ते ४८ तासांत बदला, कातडी बघायला. त्यानंतर दर ४ ते ६ दिवसांनी. प्रत्येक वेळी काढल्यावर कातडी धुवा, पुसा, माप घ्या, आणि अर्धा तास बोट वाकवण्याचे व्यायाम करा. ही पायरी फार जण गाळतात. सरळ होण्याच्या नादात मूठ गमावली तर रुग्ण आधीपेक्षा जास्त अडतो. चमचा, चावी, दुचाकीची मूठ यांसाठी वाकणंच जास्त लागतं.

सुरुवातीला एका प्लास्टरमागे ५ अंश, कधी १० ही मिळतात. सलग दोन प्लास्टरांत काहीच फरक पडला नाही, की थांबा. सांध्याने आता जे द्यायचं ते दिलंय. त्यापुढे जोर वाढवल्यास सूज आणि दुखणं वाढतं.

थर्मोप्लास्टिकची रात्रीची स्प्लिंट

प्लास्टरने मिळवलेलं टिकवायला ही लागते. मासेबाजारात, हॉटेलच्या स्वयंपाकघरात किंवा होडीवर काम करणाऱ्यांना प्लास्टर कोरडं ठेवताच येत नाही. त्यांच्यासाठी काढता-घालता येणारी हीच स्प्लिंट पहिल्या दिवसापासून वापरावी लागते. फायदा सावकाश होतो, पण ओल्या, कुजट प्लास्टरपेक्षा बराच बरा.

एका बोटाला १.६ किंवा २.४ मिलिमीटर जाडीची शीट घ्या. ३.२ मिलिमीटरची मनगट आणि कोपराखालच्या स्प्लिंटसाठी ठेवा, बोटावर ती कडेला नीट वळत नाही. शीटला भोकं कमी असतील तर कातडीला घाम येतो, पण फार भोकं असली तर पन्हळीसारखी वळवलेली स्प्लिंट कमकुवत होते. बोटासाठी बारीक, विरळ भोकांची शीट बरी.

कागदी नॅपकिनवर साचा काढा. लांबी तळहातातल्या बोटाच्या मुळाच्या घडीपासून टोकापर्यंत, रुंदी बोटाच्या घेराच्या निम्म्याहून थोडी जास्त. साचा बोटाला लावून पाहा, मुळाचा सांधा वाकवल्यावर कडा तळहातात टोचता कामा नये. टोचत असेल तर तिथे अर्धचंद्र कापा. साच्यात केलेली दुरुस्ती फुकट असते, शीटमधली महाग पडते.

पसरट भांड्यात ५ सेंटिमीटर पाणी घ्या, तळाला जाळी किंवा फडकं. शीटसोबत आलेल्या कागदावरचं तापमान पाळा, बहुतेक ६५ ते ७५ अंशांत असतं. उकळत्या पाण्यात टाकलेली शीट चिकट होते, आपल्याच वजनाने ताणली जाते आणि पातळ होते. २.४ मिलिमीटरच्या शीटला साधारण एक मिनिट पुरतं. काही शीट मऊ झाल्या की पारदर्शक होतात, तोच इशारा समजा. मऊ असतानाच कापा म्हणजे कडा गुळगुळीत येतात.

शीट टॉवेलवर ठेवून पाणी टिपा, मग स्वतःच्या कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा. तुम्हाला सोसवली तरच रुग्णाच्या बोटाला. संवेदना कमी असलेल्या बोटावर आधी ओला पातळ मोजा चढवा. रुग्णाचा तळहात वर करून टेबलावर ठेवा, मग मऊ शीट आपल्या वजनाने बोटात बसते आणि तुमचं काम निम्मं होतं. प्लास्टरसारखंच, ओढ लांबीला, मग सरळ, तळव्याने आधार. पातळ शीटला मिनिट-दोन मिनिटं, जाड शीटला चार-पाच मिनिटं लागतात. अर्धवट गार झालेली स्प्लिंट काढू नका. गार होताना शीट थोडी आक्रसते आणि पीळ खाते, म्हणून पूर्ण कडक होईपर्यंत ती बोटावरच राहू द्या.

कडा ३ ते ५ मिलिमीटर बाहेर वळवा. फक्त कडा गरम पाण्यात बुडवली की पुरे. पट्ट्या तीन: एक मुळाकडच्या पेरावर, एक टोकाकडच्या, आणि मधली सांध्याच्या पाठीवर, मऊ, रुंद, किमान २ सेंटिमीटरची. खरा ताण देणारी मधलीच, म्हणून तिच्याखाली पातळ निओप्रीन (मऊ, रबरी कापड) लावा. चिकट वेल्क्रो निघून येण्याचं कारण बहुतेक वेळा शीटवरचा न चिकटणारा थर असतो. तो ब्लेडने हलका खरवडा, वेल्क्रोचे कोपरे गोल कापा, मागचा गोंद हॉट एअर गनने क्षणभर तापवून दाबा.

दर एक-दोन आठवड्यांनी स्प्लिंट पुन्हा मऊ करून नव्या मापाला बसवा. काही शीटना आठवण असते, गरम झाल्या की त्या सपाट मूळ आकारात परततात. अशा शीटचा एक कोपरा सुधारायचा असेल तर सगळी बुडवू नका, नाहीतर आधीचं सगळं काम जाईल. हॉट एअर गनने तेवढीच जागा तापवा.

इथल्या हवेत

उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेली स्प्लिंट दुपारच्या जेवणापर्यंत पापडासारखी वेडीवाकडी होते. दुचाकीच्या सीटखालची डिकीही तशीच तापते. न्हाणीतल्या भाणातलं (पाणी तापवायच्या हंड्यातलं) कढत पाणी तिला धुवायला वापरू नये, कोमट पाणी आणि साबण बास. शेगडीजवळही नको.

पावसाळ्यात उघडं ठेवलेलं पीओपी बँडेज हवेतलं पाणी ओढून गोळेदार होतं आणि मग नीट जमत नाही. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा. बोटावरची नळीही जूनपासून सप्टेंबरपर्यंत सावकाश सुकते, पहिला पूर्ण दिवस तिला कुठे टेकवू नका आणि हाताला हवा लागू द्या. घामाने बोटांच्या बेचक्यात बुरशी येते, लालसर खाज सुटलेली दिसली तर दोन-चार दिवस प्लास्टर थांबवून आधी ती बरी करा. वेल्क्रोच्या आकड्यांत रेती भरली की ते धरत नाहीत, जुन्या टूथब्रशने साफ होतात.

चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आठवड्यात पाण्याची, पिठाची, नेवऱ्यांची (करंज्यांची) कामं टळत नाहीत. प्लास्टरच्या तारखा त्याभोवती आधीच आखा. दोन दिवसांत भिजवून फेकलेल्या प्लास्टरपेक्षा तो आठवडा स्प्लिंटवर काढलेला बरा.

बिघडतं कुठे

प्लास्टर काढल्यावर सांध्याच्या पाठीवर लाल डाग दिसला आणि तो वीस मिनिटांत गेला नाही, तर तिथे दाब जास्त होता. पुढचं प्लास्टर दोन दिवस उशिरा, आणि कमी ताणावर. फोड असेल तर तो सुकेपर्यंत प्लास्टर नाही.

माप सुधारतंय पण बोटाचा घेर वाढतोय? मऊ टेपने सांध्याचा घेरही दरवेळी मोजा. घेर वाढणं म्हणजे सूज, सूज म्हणजे तुम्ही ताणताना इजा करताय. सुजलेल्या ऊतकात नवा व्रण भरतो आणि महिन्याभरात सांधा आधीपेक्षा घट्ट होतो. जोर कमी करा.

नळी घसरून निघत असेल तर बहुतेक सूज उतरलेली असते, हे चांगलं लक्षण आहे. लगेच नवी घाला. बोट अगदी निमुळतं असेल तर कापूस काढून टाका आणि नळी थोडी पुढे न्या.

मधला सांधा सरळ झाला पण टोकाचा सांधा ताठ होऊन मागे वळू लागला, तर पाठीवरच्या टेंडनच्या बाजूच्या पट्ट्या आखडल्या आहेत. नळी टोकाच्या सांध्याच्या मागेच थांबवा आणि मधला सांधा सरळ धरून फक्त टोक वाकवण्याचा व्यायाम दर दोन तासांनी दहा-दहा वेळा द्या.

इजा होऊन सहा महिने-वर्ष झालेलं असेल तर फायदा मिळतो, पण कमी आणि उशिरा. पहिल्या पाच-सहा दिवसांत सूज असते, पुढचे साधारण तीन आठवडे नवं कोलॅजन भराभर भरतं, आणि त्यानंतर वर्षभर किंवा जास्त काळ ते घट्ट आणि नीटनेटकं होत राहतं. वळण लावायला सगळ्यात चांगला काळ या तिसऱ्या टप्प्याची सुरुवात. म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिलेल्या दिवसापासून एक आठवडाही वाया घालवू नये.

सोडवताना

हवं ते माप मिळाल्यावर स्प्लिंट एकदम बंद केली तर सांधा काही आठवड्यांत मागे सरकतो. नवे तंतू अजून कच्चे असतात आणि व्रणाची आक्रसण्याची ओढ महिनोन्‌महिने चालू असते. दोन ते तीन महिने रोज रात्री वापरा. मग एक रात्र सुटी देऊन सकाळी उठल्याबरोबर मोजा. ५ अंशांच्या आत फरक असेल तर एक रात्र घालायची, एक रात्र सोडायची. पंधरा दिवसांनी दोन रात्री सोडून पाहा. कुठल्याही टप्प्यावर ५ अंशांहून जास्त गेले तर पुन्हा रोज रात्री, आणि पुढची सुटी महिन्यानंतर. सगळं सोडल्यावरही स्प्लिंट टाकून देऊ नका. ती सपाट, थंड जागी ठेवा आणि दर महिन्याला एकदा चढवून पाहा. सहज बसली तर पुढच्या महिन्यापर्यंत विसरा. बसताना बोट अडलं तर त्याच रात्रीपासून परत सुरू करा.